डोंगरकड्यापर्यंत आलेली पुस्तके : महाराष्ट्रात प्रोग्रॅमिंग कशावरून शिकले गेले?

#थ्रेड

१/ हिंगोली जिल्ह्याच्या कळमनुरी तालुक्यात, नांदेडहून हिंगोलीकडे जाणाऱ्या रस्त्यावर डोंगरकडा हे गाव आहे. हळद, ऊस आणि केळीचा हा पट्टा. येथील बारावीच्या विद्यार्थ्याने आज मोबाइलवर 'प्रोग्रॅमिंग कशावरून शिकावे' असा शोध घेतला, तर शेकडो पुस्तके आणि हजारो व्हिडिओ त्याच्यासमोर येतात. साठ वर्षांपूर्वी याच प्रश्नाला मुंबईतही धड उत्तर मिळाले नसते. मधल्या काळात कोणती पुस्तके आली, ती कोणासाठी लिहिली गेली आणि त्यांतील कोणती आज हाती घ्यावीत, याचा हा मागोवा.

२/ या साठ वर्षांत शिकणाऱ्याच्या वाटेत तीन भिंती आल्या. पहिली यंत्राची : संगणकच नव्हता. दुसरी किमतीची : पुस्तक परवडत नव्हते. तिसरी भाषेची : पुस्तक हाती आले तरी समजत नव्हते. टिकलेले प्रत्येक पुस्तक आपल्या काळाची भिंत ओळखून लिहिलेले होते. त्यामुळे 'सर्वांत चांगले पुस्तक कोणते' याआधी 'हे पुस्तक कोणत्या अडचणीसाठी लिहिले गेले' असे विचारणे अधिक उपयोगाचे ठरते.

३/ आरंभ मुंबईत होतो. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आर. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखालील तरुण गटाने देशी बनावटीचा संगणक उभारला. १९६० मध्ये तो कार्यान्वित झाला आणि जानेवारी १९६२ मध्ये पंडित नेहरूंनी त्याचे 'टिफ्रॅक' असे नामकरण केले. त्यात सुमारे २,७०० निर्वात नलिका होत्या. स्मृती होती प्रत्येकी ४० बिटांच्या २,०४८ शब्दांची, म्हणजे अवघी १० किलोबाइट. चार जीबी स्मृतीच्या साध्या मोबाइलमध्ये त्याच्या चार लाखपट जागा असते.

४/ अशा यंत्रासाठी आज्ञा लिहिणाऱ्यांसमोर दुकानात मिळणारे पाठ्यपुस्तक नव्हते. यंत्राची माहितीपत्रके, सहकाऱ्यांची टिपणे आणि कागद एवढीच साधने होती. यंत्रावरचा वेळ मोजून मिळे, म्हणून प्रोग्रॅम आधी कागदावर एकेक ओळ चालवून पाहिला जाई. कोणत्या टप्प्यावर कोणत्या जागी कोणती संख्या असेल, याचा तक्ता हाताने भरायचा आणि चूक सापडली की खोडायची. आजही संगणकाच्या वर्गात याला 'ड्राय रन' म्हणतात. ही सवय दारिद्र्यातून जन्मली, पण ती पुढच्या प्रत्येक पिढीला पुरली. तिच्याकडे शेवटी पुन्हा यायचे आहे.

५/ १९६३ मध्ये आयआयटी कानपूरला आयबीएम १६२० हा संगणक आला, तर १९६४ मध्ये टाटा संस्थेत सीडीसी ३६०० हे मोठे यंत्र बसले. आयबीएमने १९५७ मध्ये आणलेली फोरट्रॅन ही भाषा आता भारतीय अभियंत्यांना शिकावी लागणार होती. कानपूरला व्ही. राजारामन ती शिकवत होते. १९६९ मध्ये त्यांचे 'प्रिन्सिपल्स ऑफ कॉम्प्युटर प्रोग्रॅमिंग' हे पुस्तक प्रेन्टिस-हॉल ऑफ इंडियाने प्रकाशित केले. ज्याने संगणक कधी पाहिलेला नाही असा वाचक डोळ्यांसमोर ठेवून भारतीय प्राध्यापकाने लिहिलेल्या पुस्तकांची परंपरा येथून पुढे बळावली.

६/ दुसरी भिंत किमतीची. १९७८ मध्ये ब्रायन कर्निगन आणि डेनिस रिची यांचे 'द सी प्रोग्रॅमिंग लँग्वेज' प्रसिद्ध झाले. तीनशेहून कमी पानांच्या या पुस्तकाने जगाला सी शिकवली. 'हेलो, वर्ल्ड' ही अक्षरे पडद्यावर उमटवणारा पहिला प्रोग्रॅम त्यामुळेच सर्वत्र रूढ झाला. परदेशी आवृत्ती भारतीय विद्यार्थ्याच्या आवाक्याबाहेर होती. ती आवाक्यात आणली प्रेन्टिस-हॉल ऑफ इंडियाच्या 'ईस्टर्न इकॉनॉमी एडिशन'ने. कागद हलका, बांधणी साधी, मजकूर तोच. पुण्याच्या अप्पा बळवंत चौकातून अशा आवृत्त्या महाराष्ट्रभर गेल्या. अनेक प्रती एका हातातून दुसऱ्या हातात फिरत जुन्या झाल्या.

७/ मात्र कर्निगन-रिची नवशिक्यासाठी नव्हते. प्रोग्रॅमिंगची थोडी ओळख असलेला आणि यंत्र हाताशी असलेला वाचक त्यांनी गृहीत धरला होता. १९८४ नंतर भारतात वेगळाच वाचक तयार होऊ लागला. त्या वर्षी नवे संगणक धोरण आले. त्याच सुमारास 'क्लास' प्रकल्पातून निवडक शाळांत बीबीसी मायक्रो संगणक पोहोचले. शहरांत खासगी संगणक वर्ग निघाले. जिल्ह्याच्या ठिकाणाहून आलेला, शाळा मराठीत झालेला आणि आठवड्यातून दोन-तीन तासच संगणक मिळणारा विद्यार्थी प्रथमच बाजारात ग्राहक म्हणून उभा राहिला.

८/ त्याच्यासाठी लिहिणारा लेखक नागपूरला होता. यशवंत कानेटकर हे मुंबईच्या व्हीजेटीआयचे अभियांत्रिकी पदवीधर. पुढे त्यांनी आयआयटी कानपूरमधून एम.टेक. केले. त्यांचे 'लेट अस सी' बीपीबी पब्लिकेशन्सने काढले आणि त्याच्या आवृत्त्यांमागून आवृत्त्या निघत गेल्या. भाषा इंग्रजीच, पण वाक्ये छोटी आणि सूर वर्गात बोलणाऱ्या शिक्षकाचा. इंग्रजी शिकताना आधी अक्षरे, मग शब्द, मग वाक्ये, मग परिच्छेद. सी शिकतानाही तसेच, अशी समजूत घालून पुस्तक सुरू होते.

९/ एक बारकावा इतिहासाच्या अभ्यासकाने टिपण्यासारखा आहे. कर्निगन-रिची यांचा पहिला प्रोग्रॅम जगाला नमस्कार करतो; कानेटकरांचा पहिला प्रोग्रॅम सरळव्याज काढतो. मुद्दल, दर, मुदत आणि भागिले शंभर हे सूत्र शाळेतल्या प्रत्येक मुलाला ठाऊक असते. गणित ओळखीचे असल्यामुळे नवी राहते ती फक्त भाषा. एका वेळी एकच अपरिचित गोष्ट समोर ठेवायची, हे शिकवण्याचे जुने शहाणपण त्या छोट्या निवडीत दिसते. मूळच्या अमेरिकी पुस्तकाच्या शेजारी नागपूरच्या पुस्तकाला स्वतःची जागा मिळाली, त्यामागे हे एक कारण आहे.

१०/ प्रत्येक पुस्तकाच्या अंगावर त्याच्या काळाचे यंत्रही असते. त्या काळातील भारतीय वर्गांत बोरलँड कंपनीचे १९८७ मध्ये आलेले टर्बो सी वापरात होते. डॉसवर चालणाऱ्या त्या कंपायलरमध्ये 'इंट' प्रकारच्या चलात ३२,७६७ पेक्षा मोठी संख्या मावत नसे. आजच्या बहुतेक यंत्रांवर तीच मर्यादा दोनशे चौदा कोटींच्या पुढे आहे. पडदा पुसण्यासाठी 'कोनियो.एच' जोडणे, 'व्हॉइड मेन' लिहिणे या सवयीही त्याच काळातल्या. त्यांतले काही प्रमाण सी भाषेत कधीच नव्हते. जुनी प्रत मिळाल्यास आवृत्तीचे साल आधी पाहावे. तर्क जुना होत नाही, कंपायलर होतो. कानेटकरांच्या पुढील आवृत्त्यांतही टर्बो सी मागे पडले आहे.

११/ आता तिसरी भिंत. डोंगरकड्याच्या परिसराला ती नवी नाही. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा भाग निजामाच्या हैदराबाद संस्थानात, परभणी जिल्ह्यात होता. १९१८ मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाने उच्च शिक्षणाचे माध्यम उर्दू ठेवले. त्यासाठी १९१७ पासूनच भाषांतर विभाग काम करीत होता आणि विज्ञान, गणित, इतिहास, कायदा या विषयांची पाठ्यपुस्तके उर्दूत आणत होता. आधुनिक विद्यापीठीय ज्ञान भारतीय भाषेत देण्याचा तो देशातील एक मोठा प्रयोग होता. परंतु मराठी घरातील मुलासाठी उर्दूही शिकूनच आत्मसात करावी लागणारी भाषा होती.

१२/ या प्रयोगातून दोन धडे मिळतात. भाषांतराची यंत्रणा उभी केली तर कोणताही आधुनिक विषय भारतीय भाषेत आणता येतो. मात्र निवडलेली भाषा शिकणाऱ्याची स्वतःची नसेल, तर भिंत पडत नाही, केवळ जागा बदलते. १९४८ नंतर मराठवाड्यात शाळा मराठीत आल्या. नांदेडला १९८१ मध्ये श्री गुरू गोबिंदसिंगजी अभियांत्रिकी महाविद्यालय आणि १९९४ मध्ये स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ सुरू झाले. महाविद्यालय जवळ आले. संगणकाचे पुस्तक मात्र इंग्रजीतच राहिले. शाळेत दहावीपर्यंत मराठीत विचार केलेल्या मुलाला अकरावीत विषय आणि भाषा दोन्ही एकदम नव्या भेटू लागल्या.

१३/ अडचण शब्दांपुरती नसते. बीजगणितात 'चल' हा शब्द विद्यार्थ्याला परिचित असतो. प्रोग्रॅममध्ये तो 'क्ष = क्ष + १' असे वाचतो आणि थबकतो, कारण शाळेच्या गणितात हे समीकरण अशक्य आहे. येथे बरोबरचे चिन्ह समानता सांगत नाही; 'क्षची आताची किंमत घे, तीत एक मिळव आणि उत्तर पुन्हा क्षच्या डब्यात ठेव' अशी ती आज्ञा आहे. निकलाउस विर्थ यांनी १९७० च्या पास्कल भाषेत याकरिता वेगळे चिन्हच वापरले. मराठीत एका वाक्यात उलगडणारी ही गोष्ट कोणी सांगितली नाही, तर विद्यार्थी महिनाभर पाठांतर करतो आणि स्वतःलाच मठ्ठ समजू लागतो.

१४/ मराठीत संगणकावर लिहिणारे होतेच. मूळचे सोलापूरचे आणि आयआयटी मुंबईत रसायन अभियांत्रिकी शिकलेले अच्युत गोडबोले यांनी 'संगणकयुग'मधून मराठी वाचकाला संगणकाची ओळख करून दिली. त्याच गोडबोले यांनी अतुल कहाते यांच्यासह 'ऑपरेटिंग सिस्टिम्स'सारखी पाठ्यपुस्तके लिहिली, ती इंग्रजीत. दोष लेखकाचा नव्हे. कुतूहल मराठीत भागवायचे आणि परीक्षा इंग्रजीत द्यायची, अशी विभागणी समाजानेच मान्य केली होती. तरीही क्रम उलटा लावला तर तिचा लाभ होतो : संकल्पना आधी मराठीत, मग तेच प्रकरण इंग्रजीत.

१५/ मराठीत मजकूर तयार होण्यातही तांत्रिक अडसर होता. पुण्याची सी-डॅक १९८८ मध्ये स्थापन झाली. तिच्या जिस्ट तंत्रज्ञानाने डॉसच्या पडद्यावर देवनागरी आणली. १९९१ मध्ये 'इस्की' हे भारतीय लिप्यांचे प्रमाणक नव्या रूपात आले आणि त्याच वर्षी युनिकोडची पहिली आवृत्तीही निघाली. तरी अनेक वर्षे मराठी मजकूर निरनिराळ्या फॉन्टांत अडकून राहिला; एका संगणकावरचे लेखन दुसऱ्यावर उघडत नसे आणि शोधून सापडत नसे. २००१ मध्ये महाराष्ट्र ज्ञान महामंडळ स्थापन झाले आणि एमएस-सीआयटीने गावोगावी संगणकाची भीती घालवली. तो अभ्यासक्रम संगणक वापरण्याचा होता. प्रोग्रॅमिंगची वाट त्याच्या पुढे सुरू होते.

१६/ भाषेच्या भिंतीवर नेमका घाव घातला तो आयआयटी मुंबईच्या 'स्पोकन ट्युटोरियल' प्रकल्पाने. त्याचे प्रवर्तक कन्नन मौद्गल्य हे रसायन अभियांत्रिकीचे प्राध्यापक. दहा-पंधरा मिनिटांचा पाठ, पडद्यावर प्रत्यक्ष काम आणि सोबत निवेदन. पडद्यावरची अक्षरे इंग्रजीच राहतात. आवाज मात्र मराठीसह अनेक भारतीय भाषांत मिळतो. विद्यार्थ्याने अर्ध्या पडद्यावर पाठ चालवायचा आणि उरलेल्या अर्ध्यावर तेच स्वतः करून पाहायचे, अशी पद्धत आहे. सी, सी++, पायथन, जावा, लिनक्स हे पाठ विनामूल्य आहेत आणि उतरवून घेऊन इंटरनेटविनाही पाहता येतात. कामाची भाषा इंग्रजी आणि समजण्याची भाषा मराठी, हा तोडगा येथे सर्वांत नेटका दिसतो.

१७/ त्याच संस्थेतील अभिराम रानडे यांनी २०१४ मध्ये 'ॲन इंट्रोडक्शन टू प्रोग्रॅमिंग थ्रू सी++' हे पुस्तक दिले. त्याचा आरंभ पडद्यावरच्या कासवाने होतो. शंभर पावले पुढे, नव्वद अंश वळण, हे चार वेळा, चौरस तयार. यासाठी त्यांनी 'सिम्पलसीपीपी' हे विनामूल्य सोबतचे साधन पुरवले आहे. कासवाची कल्पना १९६७ मध्ये सुरू झालेल्या लोगो भाषेच्या परंपरेतली. सेमोर पेपर्ट यांच्या १९८० च्या 'माइंडस्टॉर्म्स' या पुस्तकाने ती जगभर नेली. कानेटकरांनी सरळव्याजातून जे साधले तेच रानडे भूमितीतून साधतात. विद्यार्थ्याला जे आधीच येते, तेथून ते सुरुवात करतात.

१८/ २०१६ नंतर मोबाइल डेटा स्वस्त झाला आणि किमतीची भिंत बहुतांशी ढासळली. २००३ मध्ये आयआयटी आणि भारतीय विज्ञान संस्था यांनी सुरू केलेल्या एनपीटीईएलवर मद्रासच्या चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूटचे माधवन मुकुंद पायथनमधून डेटा स्ट्रक्चर्स शिकवतात. हार्वर्डचा सीएस५० हा अभ्यासक्रम खुला आहे. ॲलन डाउनी यांचे 'थिंक पायथन' आणि ॲल स्वाइगार्ट यांचे 'ऑटोमेट द बोरिंग स्टफ' लेखकांनीच वाचनासाठी मोफत ठेवले आहे. २०२१-२२ पासून अभियांत्रिकीच्या पदवीलाही मराठीसह काही भारतीय भाषांत परवानगी मिळाली. शंभर वर्षांपूर्वी हैदराबादेत जे उर्दूत घडत होते, ते आता मराठीत घडू पाहते आहे.

१९/ मग डोंगरकड्याच्या विद्यार्थ्याने काय निवडावे? इतिहासातून निघणारा क्रम असा :
• पहिला महिना : स्पोकन ट्युटोरियलमधील पायथन किंवा सीचे मराठी पाठ.
• सोबत एकच पुस्तक. इंग्रजी जड वाटत असल्यास 'लेट अस सी'ची नवी आवृत्ती. गणित आवडत असल्यास रानडे. लगेच उपयोग हवा असल्यास स्वाइगार्ट.
• तीन-चार महिन्यांनंतर : माधवन मुकुंद यांची व्याख्याने किंवा सीएस५०.
• सी पक्की झाल्यावर : कर्निगन-रिची यांची १९८८ ची दुसरी आवृत्ती, त्यातील स्वाध्यायांसह.
पाच पुस्तकांची पहिली प्रकरणे वाचण्यापेक्षा एका पुस्तकाचे शेवटचे प्रकरण गाठणे अधिक मोलाचे. गावच्या सार्वजनिक ग्रंथालयाकडे यांतील एका प्रतीची मागणी नोंदवणेही शक्य आहे.

२०/ लॅपटॉप नसेल तर? येथे टिफ्रॅकच्या काळाकडे वळावे. मोबाइलवर टर्मक्ससारखे ॲप घेऊन पायथन चालवता येते. पण त्याआधी वही उघडावी. ज्यांना १० किलोबाइटच्या यंत्रावर मोजका वेळ मिळे, ते कागदावर तक्ता मांडून चूक शोधत. प्रत्येक ओळीनंतर प्रत्येक चलाची किंमत काय, हे लिहून पाहणारा विद्यार्थी यंत्र नसलेल्या वेळातही प्रोग्रॅमिंगच शिकत असतो. यंत्राची भिंत अशीच ओलांडली गेली होती. ती रीत आजही विनामूल्य आहे.

२१/ पहिला प्रोग्रॅम कोणता लिहावा, याचे उत्तर घरातच सापडेल. बाजारात हळद विकल्यावर मिळणारी पट्टी घ्यावी. पोत्यांची संख्या, वजन, क्विंटलचा भाव. त्यातून हमाली, तोलाई वजा. खाली हाती येणारी रक्कम. हे गणित वडिलांना तोंडपाठ असते. तेच आज्ञांत लिहावे आणि उत्तर पट्टीशी ताडून पाहावे. फरक आला तर चूक प्रोग्रॅमची आहे की पट्टीची, हे शोधण्यात जे शिकायला मिळते ते आयत्या उदाहरणातून मिळत नाही.

२२/ मुंबईच्या यंत्रशाळेतून कानपूरच्या वर्गात, तेथून अप्पा बळवंत चौकात, नागपूरच्या लेखकाच्या टेबलावर आणि अखेर मोबाइलच्या पडद्यावर, असा हा प्रवास झाला. यंत्र आले, किंमत उतरली, भाषेचे काम मात्र अर्धेच झाले आहे. सरळव्याजापासून आरंभ करणारे, 'क्ष = क्ष + १' नीट उलगडणारे, मुळातच मराठीत विचार करून लिहिलेले आणि शेवटच्या प्रकरणापर्यंत नेणारे प्रोग्रॅमिंगचे पुस्तक मराठीत अजून घरोघरी पोहोचलेले नाही. ते लिहिणारा कदाचित आज कळमनुरी तालुक्यातल्या एखाद्या वर्गात बसून, वहीवर पहिला तक्ता भरत असेल.

(समाप्त)